दुसरा सिलिंडर

तिला नावाने हाक मारणारं गल्लीत कुणी उरलंच नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी एकच, बारातेरा. सहा वर्षांची होती तेव्हा तिचा बाप ट्रकखाली आडवा पडून नुसता हात बाहेर काढायचा आणि ओरडायचा, "बारा-तेरा!" शेडच्या भिंतीवर पन्नास पाने टांगलेले असायचे. ही फ्रॉकवाली त्यातला नेमका बारा-तेरा मापाचा पाना काढून त्या हातावर ठेवायची. चौदा-पंधरा आणून दिलाय असं एकदाही झालं नाही. समोरच्या इस्त्रीवाल्याने हे बघितलं आणि त्याच दिवशी बारसं उरकून टाकलं. पुढे शाळेच्या हजेरीत काय नाव होतं ते आईलाही आठवून सांगावं लागायचं.

बापाला सगळे मिस्त्री म्हणायचे. ट्रकवाले 'कानवाले मिस्त्री' म्हणायचे, आणि ते उगीच नाही. त्याच्याकडे हातभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा. मूठ घामाने आणि तेलाने अशी गुळगुळीत झालेली, की जुन्या फर्निचरवाल्याने बघितली असती तर मागून घेतली असती. चालू इंजिनवर त्या स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ उजव्या कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे, तोंड जरासं उघडं. बघणाऱ्याला वाटावं, इंजिन याच्या कानात सासरचं गाऱ्हाणं सांगतंय. मग डोळे उघडायचे. "तिसरा सिलिंडर. नोझल गेलंय." की झालं. दुसरे मेकॅनिक अर्धं इंजिन उतरवून दोष शोधायचे, मिस्त्री एकच नोझल उतरवायचा, आणि दोष तिथेच सापडायचा. या एका गोष्टीवर त्याचं घर चालत होतं, आणि तोराही.

मुलीला त्याने ते दहाव्या वर्षी शिकवलं. "आवाज ऐकत बसायचं नाही, पोरी. चार जण रस्त्याने चाललेत, एक लंगडतोय. लंगडणारा कोण, एवढंच बघायचं." तिला लंगडणारा पहिल्याच दिवशी सापडला. मिस्त्रीने बाहेर येऊन सगळ्या गल्लीला सांगितलं. इस्त्रीवाला म्हणाला, "मुलगी बापावर गेली." मिस्त्री म्हणाला, "पुढे गेली." एवढं मोठं मन करून तो आयुष्यात एकदाच बोलला, म्हणून ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

पुढे काय झालं, की ट्रक बदलले. बॉनेट उघडलं की आत इंजिन दिसेना, काळं प्लास्टिकचं झाकण दिसे, आणि त्याखाली वायरींचं भेंडोळं. अशा गाड्या मिस्त्रीच्या शेडसमोरून न थांबता सरळ हमरस्त्यावरच्या कंपनीच्या वर्कशॉपकडे जायला लागल्या. मिस्त्री म्हणायचा, "खेळणी आहेत ती." पण खेळणी वाढत गेली आणि शेडमध्ये येणारे म्हातारे ट्रक एकेक करून भंगारात.

आणि दुसरी एक गोष्ट. ती कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, आणि मोठ्याने बोलल्याशिवाय ती त्याच्यापर्यंत पोचलीही नसती. इस्त्रीवाल्याने तीनदा "मिस्त्री!" म्हटल्याशिवाय मिस्त्री वळेना. टीव्हीचा आवाज असा, की बातम्या शेजारच्यांना फुकटात. एका पावसाळ्यात मिस्त्रीने दोनदा चुकीचं नोझल उतरवलं. बारातेराने तो चहाला गेलेला बघून त्याने उतरवलेलं परत बसवलं, खरं बिघडलेलं नोझल काढून बदललं, आणि ते बिघडलेलं त्याच्या टेबलावर ठेवून दिलं. आल्यावर त्याने ते उचलून बघितलं, मान हलवली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं?"

सतराव्या वर्षी तिने विषय काढला. "बाबा, मला डिझेल मेकॅनिकचा कोर्स करायचाय. दोन वर्षांचा. सर्टिफिकेटशिवाय कंपनीवाले दारात उभं करत नाहीत."

"कागदाने नट सुटतो का?"

"नट नाही सुटत. दार उघडतं."

मिस्त्रीने बराच वेळ नोझल घासलं. मग म्हणाला, "शाळा मी बघणार. मास्तरांच्या भाषणावर नाही जायचं. त्यांच्या इंजिनला कान लावून बघणार, मग सही."

सही त्याचीच लागत होती. अठरा पूर्ण व्हायला तिला पाच महिने बाकी होते आणि प्रवेशाचा शेवटचा दिवस होता येता शनिवार. नदीपलीकडच्या नव्या तंत्रशाळेची लेखी परीक्षा ती आधीच देऊन बसली होती, आणि पासही झाली होती. वीस जागांतली एक तिची. पालकाची सही, एवढंच राहिलं होतं. दुसरी एक शाळा टेकडीखाली होती, खासगी. तिथे परीक्षा नव्हती, शेवटचा दिवसही नव्हता. जो येईल तो आपला. ती नुसती तुलनेसाठी बघायची, असं बारातेराचं म्हणणं होतं.

बुधवारी सकाळी दोघं नदीपलीकडे गेले. मिस्त्रीने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि स्क्रूड्रायव्हर वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरला होता. दारावरच्या शिपायाने विचारलं, "हे काय?" मिस्त्री म्हणाला, "माझा कान." शिपायाने सोडलं. असल्या उत्तरावर दुसरं काय करणार?

वर्कशॉप बघून बारातेराचा जीव तिथेच अडकला. राखाडी फरशी, तिच्यावर चालायच्या वाटेच्या पिवळ्या रेघा. आठ स्टँडवर आठ इंजिनं, आठही चालू स्थितीतली. प्रत्येकाला एक केबल आणि केबलच्या टोकाला लॅपटॉप. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, निळा डगला, बारीक कापलेले केस, नखं स्वच्छ. मिस्त्रीची नजर पहिली नखांवर गेली.

बाईंनी स्क्रूड्रायव्हर बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! माझे उस्ताद असंच करायचे. मुलांनो, इकडे या. हे बघायला मिळणार नाही पुन्हा." पंधरा-वीस विद्यार्थी गोळा झाले. बाईंनी एक चार सिलिंडरचं इंजिन चालू केलं, लॅपटॉपवर काहीतरी दाबलं, आणि इंजिन जरासं थरथरायला लागलं. "एक सिलिंडर मी बंद केलाय, मिस्त्री. कुठला ते सांगा. आमची मुलं स्क्रीनवर बघतात, तुम्ही कानाने सांगा."

बाईंच्या मनात खोट नव्हती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. त्यांना खरंच कौतुक होतं. पण कौतुकानेही माणूस कोंडीत सापडतो.

मिस्त्रीने वर्तमानपत्र सोडलं. टोक पहिल्यावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर. पुन्हा पहिल्यावर. डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं, सगळं जसंच्या तसं. फक्त वेळ जास्त लागला. मग त्याने डोळे उघडले आणि गरजेपेक्षा बराच मोठ्याने म्हणाला, "चौथा!"

बाई बारातेराकडे वळल्या. "तूही ऐकत असशील. बघ बरं."

तिने मूठ कानामागे लावली. पहिला, टकटक टकटक. दुसरा, काहीच नाही. रिकाम्या डब्यावर कान ठेवल्यासारखं. तिसरा टकटक. चौथा तर शेजारच्या खोलीत कुणी खिळा ठोकावा इतका स्पष्ट. तिने उगीचच पुन्हा चौथ्यावर टोक ठेवलं, की निदान थोडा तरी दबलेला असेल. नव्हता. ठणठणीत होता.

तिने वर बघितलं. मिस्त्री तिच्याकडे बघत होता. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. भोवती वीस पोरं, आणि त्यातली निम्मी ट्रकवाल्यांची. संध्याकाळच्या आत बातमी ट्रकतळावर पोचणार, की कानवाल्या मिस्त्रीचा कान गेला. उद्यापासून शेडसमोर कोण थांबणार?

"चौथा," ती म्हणाली.

बाईंनी लॅपटॉप वळवला. स्क्रीनवर चार खांब होते, तीन हिरवे आणि दुसऱ्या जागेवर एक लाल. "दुसरा आहे," त्या हळूच म्हणाल्या.

मिस्त्रीला ते ऐकू आलं नाही, पण लाल रंग दिसला. तो आधी पांढरा पडला आणि मग भडकला. "तुमचा डबा बिघडलाय, बाई! माझा कान तीस वर्षांचा, आणि पोरीचा कान कोरा. दोघं चौथा म्हणतायत. दोन कान खोटे आणि तुमचा टीव्ही खरा? चल गं!"

बारातेरा मागे रेंगाळली. बाईंनी तिचा दंड धरला. "तुला ऐकू आलं होतं. मी तुझा चेहरा बघत होते. जागा ठेवते. शनिवारी पाचपर्यंत सही घेऊन ये. आणि घरी खरं सांग."

खरं सांगायला तीन दिवस होते. त्याच संध्याकाळी तिने आईला सांगितलं. आई शिलाई मशीनवर गिऱ्हाइकाच्या उशांचे अभ्रे शिवत होती. तिने पाय थांबवला नाही.

"त्यांना कळलं की आपला कान गेलाय, तर मोडतील ते. तुझ्याच्याने बघवेल?"

"मग माझं काय, आई?"

"दुसरी शाळा आहे ना टेकडीखाली? शाळा ती शाळा. नट सगळीकडे उजवीकडेच फिरतात."

नट उघडताना डावीकडे फिरतात. पण हे आईला सांगण्यात अर्थ नव्हता.

गुरुवारी ती दोनदा शेडमध्ये गेली. "बाबा, बुधवारचं..." "डबा!" मिस्त्री म्हणाला. "सगळे डब्याचे गुलाम. शिकवणारीची नखं बघितलीस? तेल लागलेलंच नाही कधी." ती परत आली.

शुक्रवारी टेकडीखालची शाळा. पत्र्याचं छत, काळी तेलकट जमीन, आत एक जुनाट इंजिन असं धडाडत होतं की छतावरचे कावळे उडून गेले. मालकच मास्तर होता, कोपरापर्यंत काळा. मिस्त्रीने मूठ कानाला लावली आणि त्याच्या चेहऱ्यावर शांती पसरली. का पसरणार नाही? ते इंजिन बहिऱ्यालाही दातांतून ऐकू आलं असतं. "तिसरा ठोकतोय," तो म्हणाला.

"अगदी बरोबर, तिसराच!" मालक म्हणाला. त्याने इंजिनकडे बघितलंही नव्हतं. "काय कान आहे! आमच्या पोरांना एकदा येऊन दाखवा की, मिस्त्री."

बारातेराने आपणही कान लावला. चारही ठोकत होते.

मिस्त्रीने तिथल्या तिथे, तेलाच्या पिंपावर कागद ठेवून सही केली. शनिवारचे पाच शेडमधल्या घड्याळात वाजले तेव्हा ती एका म्हाताऱ्या ट्रकचं एअर फिल्टर झटकत होती. मिस्त्री म्हणाला, "जोरात झटक." तिने झटकलं, जोरात.

टेकडीखालच्या दोन वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तिथे फार काही झालंच नाही. चाळीस पोरं, एक इंजिन. सोमवारी उघडायचं, शुक्रवारी बंद करायचं. इतक्या वेळा उघडलं होतं की बोल्ट बोटांनी फिरायचे. पाना नुसता रीतीपुरता. लॅपटॉप एक होता, तो ऑफिसात. त्याच्यावर मालकाची बायको पत्ते खेळायची. सर्टिफिकेट मात्र झोकदार, सोनेरी काठाचं. मिस्त्रीने ते काच लावून शेडमध्ये टांगलं, पान्यांच्या वर.

ते घेऊन ती कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेली. सुपरवायझर तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. त्याने तिच्या हातात बिघाडाचा कोड दाखवणारा स्कॅनर दिला. "कोड वाच."

"हे मी वापरलेलं नाही. पण गाडी चालू करा, मी कानाने सांगते."

बाकीचे हसले. त्याने गंमत म्हणून चालू केली. तिने सांगितलं, "दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे गॅस्केट फुंकतंय." त्याने स्कॅनर लावला, मग हाताने तपासलं, आणि तसंच निघालं. सुपरवायझर चांगला माणूस होता, म्हणून खरं बोलला. "ताई, कान चांगला आहे. पण जॉबकार्डावर कोड लिहावा लागतो. कान लिहायला रकाना नाही."

तिला काम मिळालं ते सुट्या भागांच्या खिडकीवर. फिल्टर, वॉशर, सील, बेल्ट. आत नदीपलीकडच्या शाळेची पोरं इंजिनं उघडायची आणि खिडकीशी येऊन म्हणायची, "दुसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर दे गं." ती द्यायची. काचेच्या पलीकडून आवाज यायचे आणि तिला नको असतानाही कळायचं कोण लंगडतोय.

संध्याकाळी ती शेडमध्ये यायची. म्हातारे ट्रक अजून थोडे होते. एकदा मिस्त्री कान लावून उभा राहिला तो उभाच. ड्रायव्हर घड्याळ बघायला लागला. तिने आधीच ऐकून ठेवलं होतं. मिस्त्रीचा डावा हात मडगार्डवर होता. काही न ठरवता तिने त्याच मडगार्डवर बारा-तेराचा पाना तीनदा टेकवला. टक, टक, टक. मिस्त्रीने डोळे उघडले. "तिसरा."

त्यावर दोघं कधीच बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून मिस्त्री न चुकता डावा हात मडगार्डवर ठेवायला लागला. गल्लीत बोलबाला, की मिस्त्रीचा कान म्हातारपणी आणखी तीक्ष्ण झाला. आणि आलेल्या प्रत्येकाला तो ते सोनेरी काठाचं सर्टिफिकेट दाखवायचा. "शाळा मीच निवडली. भाषणाला भुललो नाही. कान लावून निवडली."

असं वर्ष गेलं. मग एका रविवारी तांब्याचं एक वॉशर शोधायला तिने मिस्त्रीची मोठी पत्र्याची पेटी रिकामी केली. अगदी तळाशी, जुन्या गॅस्केटच्या पाकिटात एक घडी घातलेला कागद होता. कानाच्या दवाखान्याचा. दोन आलेख, दोन्ही उतारावर. डावा निम्म्यावर थांबलेला, उजवा तळाला जाऊन बसलेला. खाली लिहिलेलं, उजव्या कानाने ऐकू येणे जवळजवळ बंद, यंत्र लावावे. वर तारीख.

तिने तारीख वाचली. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. नदीपलीकडे गेले त्याच्या अकरा दिवस आधीची.

ती घरी गेली आणि कागद मशीनवर, आईच्या सुईखाली ठेवला. आईने पाय थांबवला.

"तुला माहीत होतं?"

"मीच नेलं होतं दवाखान्यात."

"मग तू मला म्हणालीस, त्यांना कळलं तर मोडतील."

आईने सुईतला दोरा उगीच काढला आणि उगीच पुन्हा ओवला. "घर चालायचं होतं गं. तू तिकडे गेली असतीस तर दोन वर्षं शेडमध्ये कोण होतं? ती शाळा सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. टेकडीखालची दुपारी सुटते."

म्हणजे वेळापत्रकसुद्धा बघून झालं होतं. त्या बुधवारी मिस्त्रीने चारही सिलिंडरवर स्क्रूड्रायव्हर फिरवला तेव्हा आपल्याला काही ऐकू येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. ती चौथा म्हणाली तेव्हा ती कशासाठी खोटं बोलली हेही त्याला ठाऊक होतं. आणि ते खोटं त्याने तिथल्या तिथे उचलून हत्यारासारखं वापरलं होतं. दोन कान खोटे आणि तुमचा टीव्ही खरा?

सोमवारी संध्याकाळी पाण्याचा टँकर आला, सहा सिलिंडरचा, धूर ओकत. ड्रायव्हर चहाला गेला तेवढ्यात नेहमीप्रमाणे तिने ऐकून घेतलं. मग तो आला, इस्त्रीवालाही हातातलं काम टाकून बघायला आला, आणि मिस्त्रीने मूठ कानाला लावली. डोळे मिटले. डावा हात मडगार्डवर.

बारातेरा पाना घेऊन शेजारी उभी राहिली. टेकवला नाही.

इंजिन चालत होतं. मिस्त्रीची बोटं मडगार्डवर जराशी हलली, जागा बदलून पुन्हा टेकली. ड्रायव्हरने इस्त्रीवाल्याकडे बघितलं. मिस्त्रीने डोळे मिटूनच कोपर हलकेच तिला लावलं.

"पाचवा, बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "आणि त्या दिवशी दुसरा होता."

मिस्त्रीने डोळे उघडले. "काय म्हणालीस?" आणि सगळ्यांदेखत, पहिल्यांदाच, त्याने हात कानामागे नेला. खरंच ऐकू आलं नव्हतं की ऐकायचं नव्हतं, देव जाणे.

"पाचवा म्हणतेय ती!" ड्रायव्हर त्याच्या कानाशी ओरडला.

"मग!" मिस्त्री म्हणाला. "तेच सांगणार होतो. तिलाच बोलू दिलं. शिकवलंय कुणी?"

"आणि शाळा कुणी निवडली!" इस्त्रीवाला म्हणाला, आणि टँकरवाला खो खो हसला.

बारातेराने पाचव्याचा पाइप सोडवायला घेतला. दुसरा म्हणजे काय, ते कुणी विचारलंच नाही. मिस्त्री तेवढा बाजूला उभा राहून स्क्रूड्रायव्हरची मूठ पुसत होता. ती मळलेली नव्हती, तरी पुसत होता, आणि मग त्याने तळहात पुढे केला तशी तिने सवयीने त्यावर बारा-तेरा ठेवला.